खाऱ्या विहिरीवरची घसरगुंडी

माहं माहेर सुलतानपूरचं, जिल्हा हाच पण पार त्या टोकाले, अन् देलं मले इकडं वरवट बकालच्या अंगाले, खाऱ्या पट्ट्यात. काय सांगू ताई तुम्हाले, माह्या बापाच्या मळ्यात पाणी असं खळखळ वाहे, आम्ही पोरी पाटात पाय सोडून बसू, वांगे धुऊ, भेंड्या धुऊ, एकमेकीले भिजवू, कोणी हटकत नव्हतं. अन् सासरी आली त्याच दिवशी सासूनं हातात तांब्या देला अन् म्हणे, सूनबाई, पाय धुवायचे तं टाचा धुवा, पोटऱ्या नका धुऊ. मले वाटलं बाई थट्टा करून राह्यली. थट्टा कायची! गावात गोडं पाणीच नाही. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणा, वाटीवाटीनं गुंड भरा, अन् डोक्यावर घेऊन पाऊण कोस चालत या. बोलीही माही वेगळी होती, तिकडं आमी मला-तुला म्हणू, इथं सारे मले-तुले, बाया हासत. आता मीच इतकी वऱ्हाडी झाली का माहेरचे हासतात.

आम्ही जातीचे माळी, भाजीपाल्याचे माणसं. पण पाण्याबिगर माळी म्हणजे काय हो, नावाचाच. आमच्या मालकाच्या मनात एकच, आपल्या वावरात आपली विहीर पायजे. मंग पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला अन् सारं वावर फिरला, अन् निंबाजवळ आला तं नारळ उभा राह्यला, म्या या डोळ्यानं पाह्यलं. दोन उन्हाळे खणली विहीर. दगडाचं बांधकाम ह्यायनं सोता केलं. अन् धाव, म्हणजे मोट ओढताना बैल जिथून उतरतात ना तो उतार, तो तं असा चोपून चोपून केला, मुरूम टाकून, हातानं चाचपून, का बैलाले खडा टोचू नये. वरवटच्या मोचीकडून नवी कोरी मोट शिवून आणली. पाणी लागलं तवा गुलाल उधळला, नारळ फोडला, सारा गाव जमा झाला. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाले पयली ओंजळ देली. त्यानं तोंडात घेतली अन् थू करून थुंकली.

खारं होतं पाणी. असं खारं का त्यात डाळ शिजेना, साबणाले फेस येईना, बैलानं तोंड लावलं अन् मान फिरवली. तरी ह्यायनं जिद्दीनं वांग्याचे रोपं लावले, चार पाण्यात पानं कडंनं करपले अन् वाफ्यावर पांढरं मीठ फुटलं. लोकं काय, लोकायले हासायले पायजेच असते. कोणी म्हणे लोणचं घाला, कोणी म्हणे मिठागर काढा. तवा मालकानं मोट नेऊन गोठ्यात खुंटीले टांगली अन् मले म्हणे, त्या विहिरीचं नाव माह्यासमोर काढायचं नाही. दोन वर्सं झाले, माणूस त्या बाजूले गेला नाही. वावरात जायचं तं दूरच्या बांधानं जाये. घरात येये, भाकर खाये, भिंतीकडं तोंड करून बसे. पयले असा हासणारा माणूस होता, ताई, गाणे म्हणत बैल हाकणारा. मले विहिरीचं दुःख नव्हतं, पाणी गेलं तं गेलं. मले माहा माणूस परत पायजे होता.

तं मंग झालं काय. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या सालची गोष्ट, वैशाखाचं ऊन. माही इंदू पाच वर्साची. मी झिऱ्यावरून गुंड घेऊन आली, टेकवला, अन् पाठ फिरवली तं हे पोट्टी दोन्ही हातानं पाणी उडवून राह्यली, अर्धं भुईवर! म्या ठेवून देली एक गालावर. पाच बोटं उठले. अन् ते रडली नाही हो, नुसती पाहत राह्यली का पाण्यात हात घातला तं मायनं काऊन मारलं. मी अशाच पाटात पाय सोडून वाढली अन् माह्या लेकीले घोटभर पाण्यासाठी मार! तिचा हात धरला, उन्हातानात विहिरीवर नेली, बादलीनं पाणी काढलं अन् ओतलं तिच्या समोर मातीत. म्हटलं, सांड बाई, सांड. पायजे तेवढं सांड. हे कोणालेच नाही लागत.

अन् काय सांडलं पोट्टीनं! मी काढता काढता थकली. काळी माती अशी लोण्यासारखी झाली, त्यात बसली, लोळली, भाकरी थापल्या, मले एक वाढली, खाय म्हणे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पार्बताबाईची शकू आली, सात वर्साची, मोठी चुरुचुरु बोलणारी. तिसऱ्या दिवशी गल्ली आली. आठ दिवसात वीस-पंचवीस पोट्टे! म्या विहिरीच्या भवताल बोराटीचे काटे लावले, एकच जागा ठेवली माह्यापुरती, अन् सांगितलं, निंबाच्या पलीकडं ज्यानं पाय टाकला तो घरी. बाकी काहीही करा. धरणं बांधा, फोडा, एकमेकाले माखा. मीही पदर खोचून त्यायच्यात. तीस वर्साची बाई मी, चिखलाचा गोळा पाठीत बसला का अशी ओरडू!

पण खारं पाणी ते, वाळलं का अंगावर मीठ फुटे. लेकरं घरी जात तं गिरणीतून पीठ अंगावर घेऊन आल्यासारखे पांढरेफट. अंग खाजे. एक दिवस बाया आल्या माह्या दारात, पार्बताबाई पुढं. म्हणे गोकर्णाबाई, तुह्या चिखलापायी आमचं गोडं पाणी जाऊन राह्यलं धुण्यात, उद्यापासून आमचे लेकरं येणार नाहीत. म्या हात जोडले. म्हटलं बायांनो, एका लेकरामागं एक तांब्या देजा, फक्त एक, मी त्यात फडकं भिजवून टाळूपासून टाचेपर्यंत पुसून पाठवीन, मीठ दिसलं तं मले सांगजा. पार्बताबाई म्हणे, एका तांब्यात? म्हटलं हो, माह्या सासूनं शिकवलं मले. हासल्या बाया. दुसऱ्या दिवसापासून एकेक पोट्टा हातात तांब्या घेऊन असा येये, जसा महादेवाले चालला!

अन् मंग शकूले धाव सापडली. तिनं वरून एक बादली सोडली, बूड टेकवलं, अन् सर्रर्र करून खाली! झालं, सारे तिथंच. पोट्ट्यायच्या चड्ड्या फाटल्या, पोरीयचे परकर फाटले, पण काय ते ओरडणं, गावात ऐकू जाये. ते मालकाच्याही कानावर गेलं. कोणीतरी डिवचलं असन, का तुह्या धावेवर लेकरं घसरून राह्यले, बैलाच्या नशिबी नव्हती तं पोट्ट्यायच्या आली.

मी बादली ओढून राह्यली होती, पाहते तं हे येऊन राह्यले. दोन वर्सानं त्या बाजूले. हातात बैल हाकायची काठी, डोळे लाल. लेकरं जागच्या जागी गारठले. मी म्हटलं, संपलं, आता हे मारतात अन् उद्यापासून कोणी येत नाही. अन् शकू, चिखलानं नुसते डोळे दिसत होते तिचे, तशीच उठून पुढं आली अन् म्हणे, आबा, हे घसरगुंडी तुम्ही केली का जी? अन् पोट्टीच पुढं म्हणे, एक खडा नाही टोचत, पाहा ना, अन् तुमच्या विहिरीचं पाणी तं सरतच नाही, लय चांगलं पाणी आहे तुमचं.

ताई, त्या पाण्याले चांगलं म्हणणारं ते पयलं माणूस. ह्यायची काठी खाली आली. खाली वाकून धाव हातानं चाचपली. मंग खेकसले, बैलाच्या धावेवर घसरता काय बे? उद्या बैल पाय घसरून पडला म्हणजे? मी मनात म्हटलं, बैल? दोन वर्सं इथं बैल आला कुठं? मंग हे म्हणे, सोडा ते, तुम्हाले बाजूले दुसरी करून देतो. अन् माह्याकडं पाहून म्हणे, अन् तू, बादलीनं काय पाणी काढते, हात मोडून घेशील.

दोन दिवस मोट भिजत घातली, कातडं वाळून लाकूड झालं होतं. करंजीचं तेल चोळलं. तिकडं फावडं घेऊन धावेच्या बाजूले दुसरा उतार काढला, पयल्याहून लांब, खाली मऊ चिखलाचा खड्डा. लेकरं मागंमागं, आबा इथं वळण द्या, आबा इथं उंच करा. तिसऱ्या दिवशी सकाळी बैल जुपले, चाक करकरलं, मोट वर आली, अन् जिथं पालथी होते त्या थारोळ्यात वीस लेकरं दाटीवाटीनं बसलेले, त्यायच्या डोक्यावर धबाक करून सारी मोट! अशी किंकाळी फुटली का निंबावरचे पाखरं उडाले. अन् हे, हे गाणं म्हणून राह्यले होते बैलाच्या मागं. दोन वर्सानं. मी तिथंच चिखलात बसली अन् रडली, लेकरायले वाटलं डोळ्यात माती गेली, आली एकेक पुसायले चिखलाच्या हातानं.

तवापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडं हेच. शकू लगन होऊन खामगावले गेली, आता तिचं पोट्टं येते. गोड्या पाण्याच्या गावायत विहिरीवर इंजिनं आले, आमची मोटच. हे म्हणतात, खाऱ्या पाण्याले इंजिन कोण लावते.

अन् मागच्या वैशाखात काय झालं ऐका. तालुक्याहून एक साहेब आला, गावातल्या विहिरी लिहून घेऊन राह्यला होता. पांढरी प्यांट, हातात कागद. ओंजळभर तोंडात घेतलं, थुंकलं, अन् म्हणे, बंद लिहितो. मालक मोट सोडून तरातरा आले. म्हणे साहेब, बंद कशी? सकाळपासून मोट चालू आहे. साहेब म्हणे, पिण्याची आहे का? नाही. ओलिताची? नाही. मंग कायच्या कामाची? हे म्हणे, लेकरायच्या खेळाची, तसं लिहा. साहेब म्हणे, बाबा, कागदावर तसा रकाना नाही. हे म्हणे, मंग पाडा ना रकाना, पट्टी-पेन्सिल तं आहे तुमच्यापाशी! तितक्यात शकूच्या पोट्ट्यानं दोन्ही चिखलाच्या हातानं साहेबाच्या पांढऱ्या प्यांटीले मिठी मारली, वर पाह्यलं अन् म्हणे, येता का घसरायले? साहेबाले हासूच आवरेना. हासत हासत लिहिलं कायतरी, अन् आमाले दाखवलं. आमाले कुठं वाचता येते. इंदू सातवी शिकली, ते पुढं झाली अन् वाचलं, विहीर चालू, उपयोग, मुलांचे खेळणे.

हे म्हणे, अजून एकदा वाच. वाचलं. म्हणे, अजून एकदा. तीनदा वाचलं पोरीनं, अन् तिन्ही खेपा हे डोळे मिटून ऐकत राह्यले. मंग उपरण्यानं तोंड पुसलं अन् बैलाकडं वळून अशी आरोळी देली का सारे लेकरं थारोळ्याकडं पळाले.

लिहा ताई, तुम्हीही लिहा हे. अन् वैशाखात या, तुमचे लेकरं घेऊन या, हातात एकेक तांब्या देजा अन् अंगावर जुने कपडे. देव तुमच्या घरी गोडं पाणी भरून ठेवो, अन् लेकरायले सांडायले थोडंसं खारंही देवो.