साडेतीन किलोचा खडा

मुलगी : ...आणि म्हणून मित्रहो, पोट हा अवयव नाहीच! पोट म्हणजे कपाट! गुपित ठेवायचं पोटात, दुसऱ्याचे अपराध घालायचे पोटात, माया असते तीही पोटात, आणि शेजारणीचं बरं झालं की दुखतं तेही—

आई : थांब, थांब गं भोंग्या! उशी! आधी उशी दे!

मुलगी : ही घे. दोन्ही हातांनी दाब, नर्सताईंनी दाखवलं तशी. दाबलीस? आता हस.

आई : डॉक्टरांनी तुला माझ्यादेखत बजावलं होतं. खोकला, शिंक आणि हसू, तिन्ही बंद. आज नववा दिवस, आणि तू मला रोज उसवायला बसतेस.

मुलगी : मी कुठे हसवतेय? मी स्पर्धेची तयारी करतेय. शनिवारी अख्खी शाळा समोर असणार. परीक्षक वेगळे, पाहुणे वेगळे, पालक वेगळे. पालक, ऐकलंस ना?

आई : ऐकलं. बाबा येतील.

मुलगी : बाबांचं नाव काढलं का मी? बरं, पुढचं ऐक. ‘माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतो तो कुठून? घशातून? छे! बेंबीच्या देठापासून!’

आई : मग मी कुठून ओरडायचं? माझी बेंबी हलवलीय.

मुलगी : हलवली नाहीये गं. ती आहे तिथेच आहे. वरची कातडी खाली ओढून घेतली आणि बेंबीला बाहेर यायला नवीन भोक केलं. डॉक्टरांनी चित्र काढून नव्हतं का दाखवलं?

आई : म्हणजे बटण जुनं, काज नवं.

मुलगी : आई!! हे घेऊ भाषणात?

आई : घेऊन तर बघ. आणि काज जरा डावीकडे गेलंय.

मुलगी : सूज आहे ती.

आई : वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी. सूज कुठली आणि तिरकं काज कुठलं, मला कळतं. पण टाके मात्र सुरेख हो त्या डॉक्टरबाईंचे. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत एका रेषेत, कुठे दोरा म्हणून दिसत नाही. उद्या हॉस्पिटल सोडलं तर माझ्या दुकानात लगेच ठेवून घेईन.

मुलगी : आता पुढचा भाग. तो जरा... बाकाचा आहे.

आई : कुठल्या बाकाचा?

मुलगी : तिसरीतल्या.

आई : तो काढून टाक.

मुलगी : ऐक तरी एकदा—

आई : काढ म्हटलं ना. पोटाच्या म्हणी हव्या तेवढ्या सांग. बाक नको. आणि बेल वाजतेय ती ऐकू येतेय का? तुझी आत्या असणार. ही टाक्यांतली नळी गाऊनच्या आत सरकव आधी. हळू! तिला काय सांगायचंय?

मुलगी : पोटाचं छोटंसं ऑपरेशन.

आई : बस्स. पुढे एक अक्षर नाही. तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही.

मुलगी : बघ! आली की नाही अजून एक म्हण!

आई : दार उघड!

आत्या : एवढा वेळ? मी काय सिग्नलला उभी आहे? कुठेय पेशंट? अगंबाई! अशी वाकून काय उभी आहेस? काही पडलंय का खाली?

आई : या वन्सं. काही पडलं नाहीये. अजून सरळ होता येत नाही, एवढंच.

आत्या : मग उभी कशाला राहिलीस? बस. हळूहळू घे. रिव्हर्स, रिव्हर्स... थोडं डावीकडे... हां, लाव ब्रेक. बसलीस. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, पण एवढं सावकाश पार्किंग पहिल्यांदा बघतेय. खडेच ना?

आई : अं?

आत्या : पित्ताचे खडे! मला फोनवरच कळलं होतं. माझ्या एका शिकाऊ बाईचे निघाले. तिनं काचेच्या बाटलीत भरून टीव्हीवर ठेवलेत. दाखव बघू. किती निघाले?

मुलगी : साडेतीन किलो.

आई : भोंग्या!!

आत्या : किती?

मुलगी : म्हणजे... वजनावर धरलं तर.

आत्या : साडेतीन किलोचा खडा? अगं तो खडा की धोंडा? आणि आहे कुठे तो?

मुलगी : हॉस्पिटलवाल्यांनी टाकून दिला.

आत्या : टाकून दिला! पेपरात फोटो आला असता आपला! शेजारी मी उभी राहिले असते! कुठलं हॉस्पिटल? मी बोलते त्यांच्याशी. पहिल्या गिअरमध्येच बोलते!

आई : उशी... भोंग्या... उशी...

आत्या : रडतेय का ही?

मुलगी : हसतेय. तिला हसल्यावर दुखतं आणि दुखलं की अजून हसू येतं. आई, सांगू का आता? नाहीतर आत्या खरंच धोंडा मागायला जाईल.

आई : सांग. मला... बोलता येत नाहीये.

मुलगी : आत्या, खडे नाहीत. आईनं दोन वर्षांत बासष्ट किलो उतरवले ना, तर आई बारीक झाली, पण कातडी राहिली जुन्याच मापाची. खाली लोंबायची. कपडा ढिला झाला की आई काय करते? आत घेते. तसं डॉक्टरांनी पोट आत घेतलं. जास्तीचं कापलं, ते साडेतीन किलो भरलं.

आत्या : म्हणजे हौसेचं ऑपरेशन.

आई : बघ. म्हणूनच नव्हतं सांगितलं.

मुलगी : हौस कसली गं आत्या? घडीखाली घाम साचायचा, पुरळ यायचं, कातडी सोलवटायची. मशीनवर बसली की ती घडी उचलून बाजूला घ्यायची आणि मग पायडल मारायची. गिऱ्हाईक आलं की पुढ्यात कापडाचा तागा धरून उभी राहायची. तुला माहितीये का?

आत्या : नाही. मला कसं माहीत असणार? मला खडे सांगितले!

आई : खडे तुम्हीच काढलेत, वन्सं. मी फक्त पोट म्हटलं.

आत्या : पण माझ्यापासून का लपवायचं? मी काय परकी आहे?

आई : धाकट्या भाऊजींच्या लग्नात तुम्ही काय म्हणाला होतात आठवतंय?

आत्या : मी? मी कितीतरी बोलते.

आई : नवीन कपडे शिवले होते मी, पहिल्यांदाच अंगाबरोबर. तुम्ही म्हणालात, ‘एवढी बारीक झालीस, मग ही पिशवी कुठली लटकवलीस पुढे?’ माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

आत्या : अगं, थट्टा होती ती...

आई : थट्टाच होती. म्हणून तर पोटात घातली.

आत्या : मग?

आई : मग पोटच कापून टाकलं.

मुलगी : आत्या, तू हसू नकोस! तू हसलीस की ती हसते! आई, उशी! दाब! श्वास घे!

आत्या : मी हसत नाहीये. मी... अगं, हे डोळ्यांत काय आलं ते बघ. चुकलंच माझं. तीस वर्षं पोरांना सांगते, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, मग गाडी काढा. आणि स्वतः तोंड उघडताना कधी आरसा बघितला नाही.

आई : जाऊ द्या. गेलं ते साडेतीन किलोत.

आत्या : साडेतीन किलो... ही भोंगा जन्मली तेव्हा बरोबर एवढीच होती. पहिल्यांदा मीच हातात घेतली होती.

आई : तीन किलो चारशे.

आत्या : तेव्हाही आवाज धरला तर साडेतीन.

आई : हिच्या वेळच्या रेघाही त्यातच गेल्या, वन्सं. बेंबीखाली होत्या सगळ्या. मी डॉक्टरांना म्हटलं होतं, तेवढ्या राहू द्या. त्या म्हणाल्या, नेमकं तेवढंच कापड जातंय.

मुलगी : तू असं म्हणालीस? कधी?

आई : गुंगीत होते. काहीही बोलले असेन. तुम्ही सूप घेणार ना, वन्सं?

आत्या : सूप राहू दे. शनिवारी हिची स्पर्धा आहे ना? कोण जाणार आहे?

आई : हिचे बाबा.

मुलगी : दर वेळी बाबा! निकालाला बाबा, नाटकाला बाबा, मी बक्षीस घेतलं तेव्हाही बाबा. आणि बाबा फोटो काढतात त्यात माझं अर्धं डोकं!

आई : मी येईन की. सरळ झाले की येईन. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन-तीन आठवडे. पुढच्या वर्षी तर पहिल्या रांगेत बसेन.

मुलगी : आधी म्हणायचीस, बारीक झाले की येईन. मग म्हणालीस, ऑपरेशन झालं की येईन. आता सरळ झाले की! मग म्हणशील, काज मध्यावर आलं की!

आई : भोंग्या...

मुलगी : आत्या, तू बस. आई, तूही बसलेलीच आहेस, पळून जाता येणार नाही तुला. मी बाकाचा भाग म्हणते. आवडला नाही तर काढते. देवाशप्पथ काढते. ‘मी तिसरीत होते. पालकसभा होती. माझी आई माझ्या बाकावर बसली आणि अडकली. उठताच येईना. शेवटी शिपाईकाका पाना घेऊन आले आणि त्यांनी बाक खोलला. सगळा वर्ग हसला. आणि मित्रहो, मीसुद्धा हसले. पोट धरून हसले. कारण सगळे हसत असताना एकटीनं न हसण्याइतकी हिंमत माझ्या पोटात नव्हती. घरी आल्यावर आईनं मला एकच विचारलं, भूक लागलीय का? त्यानंतर आई शाळेत आली नाही, आणि मी कितीतरी वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. आज उघडलंय, ते तिची माफी मागायला.’ ...एवढंच आहे.

आई : तू हसली होतीस?

मुलगी : हो.

आई : मला दिसलं नव्हतं. मी खाली बघत होते.

मुलगी : म्हणून तर सांगतेय.

(आई उशी पोटाशी धरते. यावेळी हसत नाही.)

आई : पाना नव्हता.

मुलगी : काय?

आई : शिपाईकाकांनी आधी पाना आणला, तो बसेना. मग पक्कड आणली. चार स्क्रू होते, चौथा गंजलेला. सांगायचंच तर नीट सांग. पक्कड म्हण.

मुलगी : म्हणजे... ठेवू?

आई : अर्धवट गोष्ट सांगून बक्षीस मिळत नसतं.

आत्या : मी घेऊन येते हिला. माझ्या गाडीतून. एका खड्ड्यात चाक घातलं तर लायसन फाडून टाका माझं.

आई : अहो, पण मी अशी वाकलेली! गेटपासून सभागृहापर्यंत सगळे बघतील.

आत्या : मग मीही वाकते. शिकाऊ गाडीतला माझ्या बाजूचा ब्रेक दाबून दाबून गुडघे गेलेत माझे, तशीही कुठे सरळ चालते मी? दोघी वाकून जाऊ. कुणी विचारलं तर सांगू, साडेतीन किलोचा खडा पडलाय, तो शोधतोय.

आई : वन्सं, नका हो... आई गं...

मुलगी : दाब, दाब!

आई : दाबलीय. ...भोंग्या, त्या सभागृहात बाक आहेत की खुर्च्या?

मुलगी : खुर्च्या. बिनहाताच्या. मी काल बसून बघितल्या, पहिल्या रांगेतल्या सगळ्या. तिसरी डुगडुगते, बाकीच्या ठणठणीत.

आई : सगळ्या बसून बघितल्यास?

मुलगी : सगळ्या. उशी घेऊनसुद्धा बसता येतं.

आत्या : पोरगी गाडी छान चालवेल पुढे. रस्ता आधी बघून ठेवते.

आई : कपाटात खालच्या कप्प्यात माझा जुना निळा गाऊन आहे. मोठ्या मापाचा. तो काढ.

मुलगी : तो तर तू टाकायला देत नव्हतीस. आता कशाला?

आई : कात्री पण आण. मी सांगते तसं कापायचं, घाई करायची नाही. या उशीला एक बरा अभ्रा शिवू. शाळेत न्यायचीय.