कोचच्या मापाचा खेळाडू

१९८३ साली शिंप्याच्या दुकानात पडद्यांसाठी खोळंबलेल्या मावशींच्या कानावर हे पडलं. फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी गाठोडं घेऊन आले होते.

"मास्तर, या सगळ्या चड्ड्या चार बोटं वाढवा."

"अहो, गेल्याच वर्षी आखूड करून नेल्यात!"

"तेव्हाच्या कोचला बुटकी, चपळ पोरं हवी होती. नव्याला ताडमाड हवीत. डोक्याने गोल मारायचे म्हणतो."

"मग ती बुटकी?"

"बसलीयत बाकावर."

"आणि डावीकडून पळणारा तो पोरगा? त्याला घेणार होतात ना?"

"जागा एकच आहे, मास्तर. आज पाचपर्यंत सही हवी. कोचने एक उंच पोरगा आणलाय; म्हणतो, तो नाही तर मीही नाही."

"कोचचा करार किती वर्षांचा?"

"एक."

"आणि उंच पोराचा?"

"चार. असं बघू नका हो!"

"मी कुठे बघतोय? टेप शोधतोय."

सेक्रेटरींनी उंच पोरालाच घेतलं. कोच तिसऱ्या महिन्यात निघून गेला. डावीकडचा पोरगा शेजारच्या क्लबात गेला आणि त्याने यांनाच दोन गोल मारले. सेक्रेटरी क्लबची पुढची निवडणूक हरले. पुढच्या कोचला उंच पोरगा नको होता; तो उरलेली वर्षं बाकावर बसला आणि तेवढ्या काळात त्याने शिंप्याच्या मुलीशी लग्न जमवलं. मास्तर शेवटपर्यंत म्हणायचे, "क्लबाला खेळाडू कळत नसतील, जावई मात्र झकास निवडला!"