शनिवारची मुरड

बाबा : ...आणि बाहेर खलाशी ताटल्या बडवतायत, अन्न कुठंय म्हणून, आणि हा मिशाळ पातेल्यापुढे स्टूल टाकून बसलाय. मासे गळाला लागायची वाट बघावी तसा. मला म्हणतो, घेवड्याला घाई सांगितली की घेवडा रुसतो.

मुलगी : मागच्या शनिवारच्या गोष्टीत तर तो घेवडा चुलीवर ठेवून झोपून गेला होता.

बाबा : ती सफर वेगळी. मेक्सिकोचा आचारी होता तो, पोरी. झोपेतसुद्धा त्याला कळायचं, दाणा कुठवर आलाय ते. मी त्याच्या हाताखाली कांदे सोलत सोलत शिकलो. उगाच नाही.

मुलगी : उतरवू का? दाणा बोटाने चेपतोय.

बाबा : कसा चेपतोय? लोण्यासारखा की मेणासारखा?

मुलगी : मेणासारखा.

बाबा : मग राहू दे. आणि मीठ घालू नकोस आत्ता. मीठ शेवटी.

मुलगी : बाबा, इतकी वर्षं मीठ शेवटीच घालतेय.

बाबा : म्हणून तर शिजतोय इतकी वर्षं. ती मिरची भिजली का बघ. धुराचा वास आला पाहिजे. पाणी फेकू नकोस तिचं, वाटताना लागेल.

मुलगी : ठेवलंय. कांदा-लसूण कढईत टाकते.

बाबा : टाक. जिरं वरून. आता हळूहळू घेवडा घाल आणि ठेचत ठेचत परत. कढई हलवली की सगळा गोळा एका अंगाने सरकला पाहिजे, उन्हातून हाकललेल्या मांजरासारखा. तोवर थांबायचं नाही.

मुलगी : सरकतोय.

बाबा : सरकतोय की तू ढकलतेयस?

मुलगी : तुम्हीच या इथे आणि बघा.

बाबा : नको, मी पारी लाटतो. सारण तुझं, मुरड तुझी. माझा अंगठा तुला ठाऊक आहे.

मुलगी : ठाऊक आहे. जहाजाच्या लोखंडी दारात सापडला.

बाबा : वादळ होतं.

मुलगी : मागे एकदा मासळीची पेटी पडली होती त्याच्यावर.

बाबा : पेटीच आपटली ना दारावर. वादळात काय एकेक गोष्ट रांगेत येते? अंगठा वाकत नाही म्हटलं की मुरड कशी घालणार माणूस?

मुलगी : नाहीच घालता येणार. आज अंगठ्याची पट्टी जरा...

बाबा : काय?

मुलगी : काही नाही. गाठ घट्ट बसलीये चांगली.

आत्या : झाली का रे पाकिटं? भिंतीतून वास येतोय, माझ्यानं टीव्ही बघवेना.

बाबा : आली बघ आमची कंडक्टर. जन्मभर बसमध्ये ओरडून घसा फाटला, पण माझी बहीण हळू बोलायला काही शिकली नाही. अगं, एंपनाडा म्हण त्यांना, मेक्सिकोची करंजी ती. पाकिटं काय!

आत्या : आत माल, कडेला शिक्का. पाकीटच ते. दादा, अंगठा कसा आहे तुझा?

बाबा : दुखतोय.

आत्या : शनिवारी जास्तच दुखतो, नाही?

बाबा : शनिवारी हवा बदलते.

आत्या : हो बाई, हवा बदलते. भाची येते आणि हवा बदलते.

बाबा : तू पुढे सर. पुढे बरीच जागा आहे.

आत्या : माझेच शब्द मला ऐकवतोस? भाजून झाली की हाक मार. काठ जळलेलं मला देऊ नकोस, मी काय भंगार गोळा करत नाही.

मुलगी : आत्या, तुला पहिलं. खमंग, फुगलेलं.

आत्या : बघ, वाचनालयात नोकरी करून माणूस शहाणा होतो. जाते मी.

बाबा : गेली एकदाची. ...ऐक, वरच्या शिंपीणबाई सांगत होत्या, बाजारात साचा मिळतो म्हणे. पारी ठेवायची, सारण घालायचं, दाबलं की झालं. मुरडीसकट. आणावा म्हणतो.

मुलगी : कशाला?

बाबा : कशाला म्हणजे, तू दर शनिवारी दोन बस बदलून येतेस. आठवडाभर त्या पुस्तकांच्या मागे उभी असतेस. सुट्टीचा एक दिवस, तोही माझ्या मुरडी घालण्यात जातो. नवरा काय म्हणत असेल!

मुलगी : तो म्हणतो, येताना डबा विसरू नकोस.

बाबा : हसू नकोस. मी गंमत करत नाही.

मुलगी : साच्याची कड सुटते बाबा. सारण ओव्हनमध्ये सांडतं.

बाबा : तेवढंच?

मुलगी : तेवढंच म्हणजे? मग तो घासत कोण बसणार?

बाबा : बरोबर. बरोबर आहे तुझं. नाही आणत मग.

मुलगी : पारी द्या पुढची. वाळतेय.

बाबा : ही घे. पुढच्या शनिवारी सारणात मका घालू. मिशाळ घालायचा कधी कधी, बंदर जवळ आलं की.

मुलगी : घालू. आणते मी येताना.

बाबा : तुझी मुरड मात्र सुरेख हं. माझ्या बापजन्मात मला जमली नसती.

मुलगी : हो का?

बाबा : अगदी. चल, आवर, बस चुकेल तुझी. हा डबा धर. उद्या खा, मुरलं की जास्त चांगलं लागतं.

(त्याच रात्री बाबा झोपेत गेले. दीड महिन्यानंतरचा शनिवार; तेच स्वयंपाकघर, आत्या आणि मुलगी.)

आत्या : हे माझ्या लाटण्याला का चिकटतंय? दादाच्या कधी चिकटायचं नाही.

मुलगी : लोणी थंड पाहिजे. आत्या, तू ते हातात धरून गप्पा मारत बसलीस.

आत्या : मग काय मुक्यानं लाटू? ही बघ, झाली.

मुलगी : ही पारी आहे की चपलेचा तळ?

आत्या : तुला काय करायचंय, पोटात जाऊन ती काय चालणार आहे? घाल सारण. आणि खरं सांगू, तुला बोलावलं ते मला भूक लागली म्हणून. दीड महिना सगळी माणसं मला पातळ सूप आणून देतायत. जशी काही मीच आजारी होते! काल त्या शिंपीणबाईंना म्हटलं, बाई, मला दात आहेत अजून.

मुलगी : काय म्हणाल्या?

आत्या : रडायला लागल्या. मग मीच त्यांना सूप पाजलं.

मुलगी : आत्या!

आत्या : हस, हस. बरं वाटतं हसलीस की. मका सोललास का?

मुलगी : सोललाय. सारणात घातलाय. कढईत सरकत नाहीये पण नीट.

आत्या : सरकेल. त्यालाही कळलं असेल, नवा ड्रायव्हर आहे म्हणून. ...ए, ऐक. एक सांगायचंय तुला. आधी हातातला तो कालथा खाली ठेव.

मुलगी : का?

आत्या : मारशील मला.

मुलगी : ठेवला. बोल.

आत्या : दादाच्या अंगठ्याला काही झालं नव्हतं.

मुलगी : पुढे बोल.

आत्या : म्हणजे झालं होतं, जहाजावर, मरणाचं सुजला होता. पण बरा होऊन त्याला युगं लोटली. बुधवारी-गुरुवारी यायचं होतंस तू. इथंच बसून मुरडी घालायचा, शिवणयंत्रावर टीप मारल्यासारख्या. सगळ्या जिन्याला वाटायचा. आणि शनिवार उजाडला की खिडकीत उभा. तू बसमधून उतरलीस रे उतरलीस की पट्टी शोधायला धावाधाव. मलाच बांधायला लावायचा. मी सामील होते यात. इतकी वर्षं तुला दोन बस बदलायला लावल्या आम्ही. आता घाल शिव्या, मी ऐकते.

मुलगी : मला माहीत होतं.

आत्या : काय माहीत होतं?

मुलगी : अंगठ्याचं. पहिल्याच वर्षापासून.

आत्या : थापा!

मुलगी : माझा चष्मा विसरला होता इथे, तो न्यायला मी मधल्याच वारी आले होते. दार लोटलेलं होतं. बाबा पाठमोरे, शीळ घालत होते, आणि हात असे भराभर चाललेले. माझ्यापेक्षा बारीक मुरड. मी पावलं न वाजवता खाली गेले. जरा वेळ रस्त्यावर उभी राहिले आणि मग जिन्यात पाय आपटत वर आले.

आत्या : अगं बया!

मुलगी : वर आले तर अंगठ्याला पट्टी.

आत्या : आणि तू काही बोलली नाहीस? त्या दिवशी नाही, नंतरही नाही?

मुलगी : शेवटच्या शनिवारी बोलणार होते जवळजवळ. पट्टी डाव्या अंगठ्याला होती.

आत्या : डाव्या?

मुलगी : दुखरा उजवा ना. त्या दिवशी डाव्याला होती.

आत्या : अरे देवा! ती मीच बांधली की गं! चष्मा नव्हता डोळ्यावर, आणि हा घाई करतोय, आली, आली, बांध, म्हणून! मेला, स्वतःचा अंगठा कुठला तेही बघितलं नाही त्यानं!

मुलगी : आणि उजव्या हातात लाटणं. झक्क लाटत होते.

आत्या : थांब, थांब, पोटात दुखायला लागलं माझ्या. अख्ख्या जहाजाला जेवू घातलेला माणूस! आणि तू त्याच्यासमोर बसून सरळ तोंडानं...

मुलगी : गाठ घट्ट बसलीये म्हटलं.

आत्या : दोघं एका माळेचे मणी. एक लपवतोय, दुसरी झाकतेय, आणि मी मधे हसू दाबून अर्धमेली. पण का गं? एकदा म्हणायचं, बाबा, सोडा ती पट्टी.

मुलगी : पट्टी सुटली की मुरडीचं काम सुटलं. मग शनिवारी यायचं तर काय सांगून यायचं?

आत्या : आपल्या बापाकडे यायला सांगावं लागतं होय काही?

मुलगी : आमच्यात लागायचं. त्यांनाही लागत होतं की. नाहीतर पट्टी कशाला?

आत्या : त्याचं वेगळं. दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. तू रांगायला लागलीस तेव्हा नव्हता, शाळेत गेलीस तेव्हा नव्हता. तुझी आई आजारी पडली तेव्हा पोचेपर्यंत उशीर. मला म्हणायचा, मी कुठल्या तोंडानं तिला ये म्हणू? काम आहे म्हटलं तर येईल.

मुलगी : असं म्हणायचे?

आत्या : म्हणायचा. ...अगं, कढई बघ, लागेल.

मुलगी : आच बंद केलीये. आत्या, त्या दिवशी मी गेल्यावर काही म्हणाले का?

आत्या : जेवला. चांगलं जेवला. मला जळकं दिलं, हरामखोरानं.

मुलगी : माझ्याबद्दल.

आत्या : राहू दे ना आता.

मुलगी : सांग.

आत्या : म्हणाला, पोर कामाला नाही म्हणत नाही कधी, आईवर गेलीये. म्हणाला, साच्याचं काढून पाहिलं आज, वाटलं काही बोलेल. पण तिला ओव्हनचीच काळजी.

मुलगी : मला वाटलंच ते.

आत्या : बाई...

मुलगी : म्हणजे मी कामासाठी येते असंच समजून गेले ते.

आत्या : खोटं बोलू का? हवं तर बोलते. मागे दुसरी बस रिकामी येतेय म्हणून जन्मभर सांगत आलेय लोकांना, एक आणखी.

मुलगी : नको.

आत्या : नको ना? मग मीही नाही बोलत. त्याला माहीत नव्हतं. जे तू सांगितलंच नाहीस ते त्याला कळणार कुठून? एवढी पुस्तकं वाचलीस, एक वाक्य निघेना तोंडातून!

मुलगी : ओठांवर आलं होतं. मी पारी मागितली.

आत्या : मग आत्ता बोल.

मुलगी : कुणाशी?

आत्या : इथं. मोठ्यानं. माझ्याशी नको, मी रडेन आणि पीठ सैल होईल. मी तोंड फिरवून लाटते. कान झाकू का?

मुलगी : नको. असू दे. तू लाट.

आत्या : लाटतेय. बोल.

मुलगी : बाबा, मका गोड निघाला.

आत्या : हे नव्हे.

मुलगी : माहीत आहे गं. थांब जरा. ...बाबा, तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा मी शाळेतून पळत यायचे. कोपऱ्यावर आले की चालायला लागायचे, पळत आले हे तुम्हाला कळू नये म्हणून. तुमची बॅग भरायची वेळ झाली की मी मुद्दाम मैत्रिणीकडे जायचे. तुम्हाला वाटलं असेल, हिला काहीच नाही त्याचं.

आत्या : बोल पुढे, मी लाटतेय.

मुलगी : मला होतं, बाबा. तुम्ही घरात असलात की मला फार बरं वाटायचं. तेव्हाही, आणि आत्ता शनिवारीसुद्धा.