अल्ट्रासाऊंडची बोहनी

लोडशेडिंगचे दिवस आठवतात ना? तेव्हा पंचवटीतल्या माझ्या पार्लरमध्ये मी नवंकोरं अल्ट्रासाऊंडचं मशीन आणलं होतं. चेहऱ्याला सीरम लावून वरून त्याचा दांडा फिरवला की सीरम कातडीत खोल मुरतं म्हणे. गिऱ्हाइकं नुसती बघून जायची. शेवटी तयार झाली कोण, तर माझ्या दारात गजरे विकणारी मंदाबाई. लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं तिच्या.

चार बायका बघायला जमल्या. मी अर्धा तास मन लावून दांडा फिरवला. मशीनला आवाज नाही, चटका नाही, भरदुपारचा उजेड म्हणून ट्यूब बंद, आणि थंडीमुळे पंखाही बंद. मंदाबाई उठली, आरशात बघून मोठ्यानं म्हणाली, "लय भारी वाटतंय, ताई!" तिघींनी तिथल्या तिथे नंबर लावला.

त्या गेल्यावर मंदाबाई हळूच म्हणाली, "ताई, तुमी दांडा टेकवला आन् लाईट गेली. मशीनचा दिवा तुमच्या पाठीमागं, मला दिसत हुता."

मला घामच फुटला. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"चार जणींसमोर? तुमच्या बोहनीला नाट लावू व्हय? मी बी धंदाच करते."

मी पैसे परत द्यायला गेले, तर तिनं हात मागे घेतला. "बोहनीचं पैसं कुणी परत देतं का? उद्या लाईट असंल तवा फिरवा."

दुसऱ्या दिवशी फिरवलं. आज माझे केस बॉयकट आहेत, तरी तिच्या टोपलीतला पहिला गजरा रोज मीच घेते.