गावकीच्या शब्दावर मी गप्प बसलो

मी हासूराम, पेण तालुक्यातला, धरमतरच्या खाडीकाठचा. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, मीपण तिथंच. शाळेत दोन यत्ता गेलो, सही येते, बाकी काय नाय. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं कोर्ट म्हणजे गावकी. भरतीनं बांध फुटला आणि खारं पाणी शेतात घुसलं की गावकी हाक देते, घरटी एक माणूस चिखलात उतरतो, घरात मढं असलं तरी उतरतो. तिथं कागद लागत नाय, शब्द लागतो. मी जन्मभर त्या शब्दावर चाललो आणि त्याच शब्दानं माझं घर खाल्लं.

मला एकच पोर, वनिता. ती रोह्याकडं दिली, कोलाडच्या अलीकडं. जावई धाटावला केमिकलच्या कंपनीत, शिफ्टवाला. मीच हुरळलो. हिरा, माझी बायको, बोलली मला त्याचे डोळे आवडले नाय, मी बोललो लगीन डोळ्यांशी लावायचंय काय. तो मारायचा. कंबरेच्या पट्ट्यानं मारायचा, बकलाकडून. पोर दोनदा पळून आली, दुसऱ्यांदा तर कान फाटलेला, मी हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसवून दिली. मीच. हे पण लिहा.

शिमग्याच्या आधीची गोष्ट, दुपारी निरोप आला, वनिता पाय घसरून पडली, गेली. आम्ही पोचलो तर अंगणात मढं बांधून तयार. हिरा बोलली मी माझ्या पोरीला आंघोळ घातल्याबगर हलू देणार नाय. तिनं डोक्यावर पाणी घातलं, मागं हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. डोक्याची मागची बाजू हाताला मऊ लागत होती, पिकल्या पपईगत.

मी कोयता शोधायला लागलो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात दोन्ही गावांची गावकी बसली, त्यांची आणि आमची, एकाच जातीची माणसं. मला मधी बसवला. बोलले हासूदा, पोरगी काय परत येत नाय. ही नात, दर्शना, पाच वर्षांची, ही तुझ्याकडं राहील, बाप कधी मागणार नाय, हा गावकीचा शब्द. तू फक्त पोलीस पाटलाच्या कागदावर सही कर, कुणावर संशय नाय म्हणून. हिरा पदर तोंडात कोंबून मान हलवत होती, नको नको. मी सही केली. त्याच दिवशी वनिता जाळली, आणि नातीला खांद्यावर घेऊन मी पेणला आलो. मला वाटलं एक गेली, एक तरी वाचवली.

दोन वर्सं बरी गेली. मग जावयानं दुसरी केली, तिला तान्हं झालं, ते सांभाळायला कोणतरी पायजे. भरदिवसा दोन भावांना घेऊन आला, दर्शना ओटीवर खेळत होती, तिचा दंड धरून ओढत न्यायला लागला. मी फावडा घातला त्याच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज आला, मला बरा वाटला तो आवाज, काय सांगू. हिरा पोरीला पोटाशी धरून खाली बसलेली, तर त्याच्या भावानं तिच्या कुशीत लाथा घातल्या, तीन-चार, बूट घातलेल्या पायानं. पोर काय तिनं सोडली नाय. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघत होते. जाताना तो बोलला मी बाप हाय, कायदा माझा हाय.

गावकीकडं गेलो. बोललो तुमचा शब्द कुठं गेला. तर बोलले बाप तो बापच, पोर देऊन टाक, हात मोडल्याचा दंड भर. मी बोललो मग मी कोर्टात जातो. दुसऱ्या दिवशी वाळीत. पाणी बंद, दुकान बंद, कुणी रामराम घालीना.

अलिबागला एक वकीलबाई भेटली. बोलली बाबा, कायद्यानं बाप हाच पालक. तो नालायक हाय हे दाखवलं तरच तुमचं नाव लागेल. आणि ते दाखवायचं तर तुम्ही दडवलेलं तुम्हालाच बोलावं लागेल, स्वतःच्या सहीच्या विरोधात. मी बोललो बोलतो.

हिरा काय कोर्टापर्यंत पोचली नाय. त्या लाथांनी आतून काय तुटलं होतं देव जाणे, आठ म्हयने रक्त पडत होतं, वाळून काटकी झाली, गेली. गावातला एक खांदा आला नाय. मी आणि मिठागरावरचे तीन कातकरी गडी, आम्ही चौघांनी उचलली. पुढं मडकं धरून दर्शना.

कोर्टात जावयाच्या वकिलानं ती सही माझ्या तोंडासमोर धरली. बोलला तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस. मी बोललो तेव्हा. का बोललास? नात मिळावी म्हणून पोरीचा खून गिळला साहेब. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग फावड्याचं विचारलं, वकीलबाईनं आधीच बजावलेलं, तोल गेला म्हणून सांगा, पण मी बोललो मारला, डोकं हुकलं म्हणून हात मोडला.

दर्शनाला आत खोलीत बोलावलं, तिथं फक्त साहेब आणि वकीलबाई. बाई नंतर मला सांगताना रडली. साहेबांनी विचारलं बाळ तू काय बघितलंस. ती बोलली पप्पांनी आईचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. किती वेळा? "मोजत होते, पण तेव्हा मला सहापर्यंतच येत होतं."

ऑर्डर माझ्या बाजूनं झाली. ती अठराची होईपर्यंत मी पालक. जावयावर खुनाची केस लागली, ती अजून रखडलीय, तो जामिनावर सुटून परत कामावर जातो. माझ्यावरपण खोट्या सहीची होईल म्हणतात. होऊ दे.

आता दर्शना बारा वर्सांची. मागच्या म्हयन्यात पेटीतनं तो कोर्टाचा कागद काढून तिनं सगळा वाचला, माझी सही, माझं खोटं, सगळं त्यात लिहिलेलं. तीन दिवस भाकरी पुढं ठेवायची आणि उठून जायची. चौथ्या दिवशी समोर येऊन बसली. बोलली, "आबा, माझ्यासाठी गप्प बसलात ना?" मी बोललो व्हय गो. "मग आता माझ्यासाठी गप्प बसू नका. लोकांना सांगा."

म्हणून तुम्हाला बोलावलं. मी सत्तरी ओलांडली, तिच्या अठरापर्यंत टिकेन का ठाऊक नाय, टिकलो तर देवाचे उपकार. तुम्ही माझं नाव बदलू नका. हासूराम म्हणून लिहा, वनिताचा बाप.