साठ जणांत एक गिटार

(वाशिंदपासून आत, शहापूर तालुक्यातलं एक गाव. दुसरी मोठी लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षीचा वैशाख. धाकट्या पारूचं लग्न उद्यावर आलंय. मांडवात थोरली बहीण सुंदरा तांदूळ निवडतेय, मुंबईत ऑर्केस्ट्राच्या वादकांना सुरांची पानं नकलून, उतरवून देणारा भाऊ कुंडलिक कागदांच्या ढिगात बसलाय, आणि त्याचा गोव्याचा दोस्त, गिटारवाला आन्तोन, तिसऱ्यांदा चहा मागावा की नाही याच्या विचारात आहे.)

सुंदरा : म्हंजी महादूमामाला गॅसबत्तीचा पंप मारायला तूच सांगितलंस?

कुंडलिक : व्हय. मान म्हणून सांगितलं गो.

सुंदरा : मान म्हणून! अरे, मामा पेंढ्याच्या उडवीमागं तोंड फिरवून बसलाय. भाच्यानं मला कामाला जुंपला म्हणतो. पाणीसुदीक घेत नाय.

कुंडलिक : बाय, मी कुणालाच मोकळा ठेवला नाय. जैतूकाकाला तोरण दिलं, लडकूदादाला पाट मांडायला लावलं. नुसता बसला तर माणसाला वाटतं, आपल्याला कुणी विचारीत नाय.

आन्तोन : आयला! कुंडलिक, हे तर तेच झालं रे! सुंदराबाय, ह्याने मुंबईत पण असाच गोंधळ घातलाय!

कुंडलिक : आन्तोन, गप.

सुंदरा : गप कशाला? सांगा तुमी. हा चार दिस झाले कागदं चिवडतोय, जेवायला हाका मारून घसा बसला माझा.

आन्तोन : मग ऐक. बॅलार्ड पियरच्या धक्क्यावर एक फ्रेंच खलाशी भेटला, त्याच्याकडून मी एक रेकॉर्ड घेतली. पॅरिसकडचे जिप्सी लोक असतात बाय, गाडीत संसार, आज इथे तर उद्या तिथे. त्यांची गिटार! ढोल नाही, तबला नाही. दोन गिटारी नुसता ठेका धरतात, चक-चक, चक-चक, आणि तिसरी त्याच्यावर पळते. कशी पळते? थांब, दाखवतोच.

सुंदरा : अगो बाय! पोरींनो, इकडं या गो, ऐका! ह्याची बोटं हाईत का मुंगळं?

आन्तोन : बघ, तुझा पाय हलतोय.

सुंदरा : माझा नाय, सुपातलं तांदूळ हलतंय.

कुंडलिक : हेच गाणं आमच्या मास्तरांना, काठी हलवून ऑर्केस्ट्रा चालवतात त्यांना, आवडलं गो. म्हणाले, आपल्या मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी हे बसवायचं, आन् कुणी बसवायचं? तर मी! आजवर दुसऱ्यांनी लिहिलेलं उतरवीत आलो. पयल्यांदाच मला म्हणाले, तू लिही.

सुंदरा : मंग तोंड का असं एरंडेल प्याल्यावानी?

कुंडलिक : तालीम झाली. तीन माणसांचं गाणं मी साठ जणांना दिलं. व्हायोलिनं, गुडघ्यांत धरून वाजवायचे चेलो, भलेमोठे बास, पितळेचे भोंगे, समदे. आन् समदे एकदम वाजायला लागले.

आन्तोन : एकदम म्हणजे कसे? पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत! चिखलात रुतलेली गाडी साठ जण ढकलतायत आणि आत माझी गिटार बसलीय, ‘मला उतरू द्या रे’ म्हणून ओरडतेय. मी स्वतःला ऐकलं नाही, बाय. वाजवतोय का खाजवतोय, कळेना.

कुंडलिक : मास्तर म्हणाले, सोमवारी सुधारून आण, नायतर हे गाणं कार्यक्रमातून काढू. आन् एकदा काढलं की मी पुन्हा जल्मभर उतरवायलाच.

सुंदरा : मंग सुधार की. थोडी माणसं गप बसव.

कुंडलिक : कुणाला बसवू? तीच तर अडचण हाय! चेलोवाले ब्रागांझाकाका माझ्या बापाच्या वयाचे. पानातला एक ठिपका चुकला तर समद्यांसमोर मला उभा करतात. कालपतूर मी त्यांचं पानं ठेवायचं स्टँड उचललं. आता मी त्यांच्या पुढ्यात रिकामं पान ठेवू? म्हणतील, पोरगं शेफारलं, आमालाच गप करतंय.

आन्तोन : म्हणून ह्याने म्हाताऱ्याला सगळं दिलं. ठेका पण त्यालाच, सूर पण त्यालाच. घामाने शर्ट भिजला बिचाऱ्याचा.

सुंदरा : कुंडलिका, तू खुळा हायस.

कुंडलिक : ठाऊक हाय.

सुंदरा : नाय, तुला ठाऊक नाय. उद्या ह्या मांडवात सगळ्यात मोठा मान कुणाचा?

कुंडलिक : मामाचा.

सुंदरा : आन् मामानं करायचं काय?

कुंडलिक : काय म्हंजी... घोंगडीवर बसायचं. पान खायचं.

सुंदरा : बसायचं! पाणी कोण भरतो? पोरं. पाट कोण मांडतो? लडकूदादा. मामा बसतो, समद्यांकडं बघतो, आन् येळ झाली का उठून पारूला पाटावर आणतो. तेवढं एकच काम. पण तो उठला का अख्खा मांडव गप होतो. तू त्याला पंप मारायला लावलास, मंग उद्या तो उठला तरी कुणाला कळंल? म्हणतील, निघाला बत्ती पेटवायला!

आन्तोन : हा हा! बत्ती पेटवायला!

सुंदरा : हसू नका. खरं सांगते, मामाचे डोळे भरलेत. भयणीच्या लेकीच्या लग्नाला एवढ्या लांबून आलाय तो. का झालं रे कुंडलिका, असा का बघतोस?

कुंडलिक : आन्तोन, खोडरबर दे.

आन्तोन : कुठलं पान?

कुंडलिक : ब्रागांझाकाकांचं. ठेका त्यांच्याकडून काढतो. ठेका मागच्या चारच व्हायोलिनवाल्यांना, बोटानं नुसती टिचकी मारायची, कोरडी, चक-चक. बाकीच्यांनी बसायचं. तुझी गिटार श्वास घ्यायला थांबली की मग पितळेवाल्यांनी दोन शब्द बोलायचे, तेही हळू.

आन्तोन : आणि म्हातारा?

कुंडलिक : बसेल. शेवटचं वळण येईपर्यंत बसेल. मग एकटा उठेल. खालून एकच लांब सूर, त्याच्यावर तू पळ किती पळायचं ते.

आन्तोन : पळय, बघ! माझ्या अंगावर आत्ताच काटा आला. पण तो पान बघून स्टँड फेकून मारेल तुला.

कुंडलिक : मारू दे.

सुंदरा : आधी इकडचं निस्तर. ऊठ. मामाला हाताला धरून घोंगडीवर आणून बसव, आन् त्याच्या देखत बत्ती तू पेटव.

आन्तोन : मी पण येतो. मामाला एक गाणं वाजवून दाखवतो. आणि सुंदराबाय, चहा...

सुंदरा : मामा हसला तर मिळंल.

* * *

सुंदरा : मामानं पारूला मानानं पाटावर आणलं, ती सासरी गेली, माहेरपणाला येऊन परत गेलीसुदीक, आन् तुमी दोघं आता उगवताय! काय झालं त्या सोमवारी? मी हितं देवाला नारळ बोलून बसले.

आन्तोन : नारळ फोड, बाय! मी सांगतो...

कुंडलिक : मी सांगतो, तू मीठमसाला लावशील. ब्रागांझाकाकांना पान दिलं. त्यांनी बघितलं, उलटं करून मागं बघितलं. म्हणाले, बाकीचं कुठाय?

सुंदरा : मंग?

कुंडलिक : म्हटलं, काका, आमच्या गावाकडं मानाच्या माणसाला राबवीत नाय, बसवतात. तो उठला की समद्यांना कळतं. तुमी उठल्याबिगर हे गाणं पुरं होत नाय.

आन्तोन : असं बोलला! हा! स्टँड उचलणारा!

सुंदरा : रागावला का म्हातारा?

कुंडलिक : काकांनी चेलोची धनुकली मांडीवर ठेवली, डोळे मिटले. वाजायला लागलं. हा पळतोय, मागं टिचक्या पडतायत, मला वाटलं काका झोपले. आन् बरोब्बर शेवटच्या वळणावर तो सूर आला, बाय! जमिनीतून आल्यासारखा. मास्तरांची काठी हवेतच राहिली.

आन्तोन : मी रडलो. खोटं नाही सांगत. वाजवता वाजवता रडलो.

कुंडलिक : संपल्यावर काका माझ्याजवळ आले. म्हणाले, पोरा, चाळीस वर्षं वाजवतोय, शेजारचा काय वाजवतो ते आज ऐकलं. पुढच्या वेळी मला आणखी उशिरा उठव.

सुंदरा : माझ्या राजा! मंग कार्यक्रमात घेतलं?

आन्तोन : घेतलं! छापील कागदावर ह्याचं नाव पण येणार. कुंडलिक, अख्खं नाव, गावासकट.

सुंदरा : मामाला सांगायला पायजे, मुरबाडपतूर गाजवील तो. आन् तू रे? एवढी साठ माणसं वाजवीत व्हती, तू काय वाजवलंस?

कुंडलिक : मी काय नाय वाजवलं गो. मी नुसता बसून ऐकलं.