मोटेचे बैल आणि लॉरीचं इंजिन

मोटेचे बैल मागं कधी सरतात, ठाऊक आहे का तुम्हाला? आमच्याकडच्या चार शहाण्या माणसांना ते ठाऊक नव्हतं.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आम्ही हट्ट्याला राहत होतो. आमच्या लॉरीचं डिझेल इंजिन निकामी झालं, म्हणून यांनी दुसरं आणलं आणि मला सांगून टाकलं, "आज लॉरी चालू झाली की उद्या बाळापूरच्या बाजारात बैलजोडी विकायची." माझा जीव त्या जोडीत होता.

यांनी, रहीममिस्त्रींनी आणि दोघा मित्रांनी मोटेचं चाक विहिरीजवळच्या निंबाला बांधलं आणि दोराला इंजिन अडकवलं. बैल सवयीनं उतार चालून गेले. इंजिन वर आलं, तशी लॉरी त्याच्याखाली ढकलली. आता बैल चार पावलं मागं सरले, की इंजिन जाग्यावर बसणार. पण ते हलेनात.

"काहून अडून राहिले हे?" यांचा आवाज चढला.

"पाण्याचा आवाज आला न्हाई," मी म्हणाले. "मोट रिती झाली असं वाटल्याबिगर ते मागं येत न्हाईत."

मी घागर उचलली आणि मोटेच्या दगडी कुंडीत हळूहळू ओतली. धार पडत गेली, तसे बैल एकेक पाऊल मागं आले. इंजिन अलगद बसलं.

रहीममिस्त्रींनी हात पुसले. "दादा, बैल विकले तर पुढच्या वेळी काय मला जुंपता?"



दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी एकटीच बाळापूरच्या बाजाराला गेली.